सरकत आलेली सीमा

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि थोड्याच वेळात पलीकडे तेरेखोल गावाला लागते. नदी ओलांडली तरी राज्य बदलत नाही. तेरेखोल नदी ही गोवा आणि महाराष्ट्र यांची सीमा, असे आपण शाळेत शिकतो. पण मुखाजवळचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे गाव उत्तर काठावर असूनही गोव्यातच आहे. याचे कारण भूगोलात शोधून मिळणार नाही. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला. तेव्हा नदीच्या दक्षिणेचा बराचसा पेडणे महाल सावंतांकडेच होता. म्हणजे सीमा इथे आधी तोफेने आखली आणि पुढे तिला नदीचे नाव दिले.

नदी ही निसर्गानेच आखलेली सीमा असते, हा समज म्हणूनच मला मान्य नाही. गोव्यापुरते बोलायचे तर सीमा एका नदीवरून दुसऱ्या नदीवर सरकत आली आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी पोर्तुगीजांची आणि मांडवीपलीकडची डिचोली परक्या सत्तेची. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेले, तेव्हा भक्तांनी लिंग पाण्यापलीकडे नार्व्याला नेले, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. उत्तरेला बार्देश आणि पेडणे यांच्यामध्ये शापोरा नदी होती, तीही अशीच दोन राजवटींची हद्द. 1781-82 च्या सुमारास डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांकडे गेली. कोल्हापूरकरांशी झुंजणाऱ्या सावंतवाडीच्या खेम सावंतांना मदतीची गरज होती आणि त्या मदतीच्या मोबदल्यात 1788 मध्ये पेडणेही गेले. शापोऱ्याचे सीमापण संपले आणि तेरेखोलीचे सुरू झाले. दोन्ही नद्यांच्या पाण्यात काहीच फरक पडला नव्हता.

सीमा कुठे आहे यापेक्षा ती कधी आली, यावर या प्रदेशाचे नशीब जास्त ठरले. बार्देशात पोर्तुगीज आले तो काळ देवळे पाडण्याचा होता. पेडण्यात ते पोचले तेव्हा तो जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतल्या, म्हणजे नंतर मिळवलेल्या मुलखातल्या लोकांना धर्म व चालीरीती राखण्याचे वचन द्यावे लागले होते. म्हणून पेडण्याची भगवती आणि रवळनाथ जागच्या जागी राहिले. पेडण्याची पुनव आजही दूरदूरच्या माणसांना ओढून आणते, दशावतारी कंपन्या सिंधुदुर्गातून येऊन पेडण्याच्या जत्रांत रात्र जागवतात. राजवटींनी हद्द घातली, पण सोयरीक, देव आणि बोली यांच्यावर त्यांचा फारसा अंमल चालला नाही.

1788 ते 1961 ही 173 वर्षे तेरेखोल दोन वेगळ्या राजवटींमध्ये वाहिली. 1947 नंतर तर ती स्वतंत्र भारताची आंतरराष्ट्रीय सीमा झाली. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी सीमेवरच्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि एकाच खोऱ्यातली गावे एकमेकांना पारखी झाली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पण रेघ पुसली गेली नाही. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पक्ष 34,021 मतांनी हरला. पेडणे आणि डिचोलीचा कल विलीनीकरणाकडे होता, आणि सीमा राहिली ती नेमकी त्यांच्याच दारात. तो कौल आज उकरून काढावा असे मी म्हणत नाही. लोकांनी दिलेला निर्णय तो निर्णय.

मात्र त्या रेघेची किंमत आता नदी मोजते आहे. जमिनीचे दोन कायदे असू शकतात. इकडे एक-चौदाचा उतारा, तिकडे सात-बारा, आणि त्यातून मार्ग काढणारे वकीलही आहेत. वाळूला असा उतारा नसतो. न्हयबाग, पोरस्कडे, उगवे या पट्ट्यात वर्षानुवर्षे बेकायदा रेतीउपसा चालत आला आहे. एका राज्याचे पथक येताना दिसले की होड्या दुसऱ्या काठाला लागतात, ही काठावरच्या लोकांची नेहमीची तक्रार आहे. पात्रातली रेती काढली की पात्र खोल होते आणि काठाची माती त्या खोलीकडे घसरू लागते. मग माड मुळांसकट नदीत जातात, भरतीचे खारे पाणी अधिक आत शिरते, खाजन शेतीचे बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारे, यांच्यावरचा ताण वाढतो. आरोंदा आणि सातार्ड्याच्या शेतकऱ्याचे नुकसान पोरस्कड्याच्या शेतकऱ्याहून वेगळे नाही. वेगळी आहेत ती फक्त त्यांची मामलेदार आणि तहसीलदार कार्यालये.

दोन्ही सरकारांना एकत्र बसता येत नाही असेही नाही. दोडामार्गातल्या तिलारी धरणासाठी दोघांचे संयुक्त नियंत्रण मंडळ आहे. त्यातल्या 73.30 टक्के पाण्यावर गोव्याचा हक्क ठरलेला आहे. तिलारी पुढे शापोरा होऊन गोव्यातून वाहते, आणि तिच्या कालव्यांचे पाणी डिचोली, पेडण्याला मिळते. पाणी वाटून घ्यायचे होते, म्हणून मंडळ झाले. तेरेखोलीत वाटून घेण्यासारखे धरणाचे पाणी नाही, फक्त सांभाळण्यासारखी नदी आहे, म्हणून तिच्यासाठी कोणी बसत नाही. हे मला लाजिरवाणे वाटते. दुसरे महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली होती, तेव्हा 1950 मध्ये फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड ऱ्हाइनच्या संरक्षणासाठी एका आयोगात बसले. आपण तर एका देशाची दोन राज्ये आहोत, आणि नदी मंडळ कायदा आपल्याकडे 1956 पासून आहे.

तेव्हा गोवा आणि महाराष्ट्र सरकारांनी तेरेखोलीच्या पात्रासाठी एकच संयुक्त मंडळ नेमावे. रेतीचा नियम दोन्ही काठांना एक असावा, कारवाईचा अधिकार संपूर्ण पात्रावर चालावा आणि मंडळात बांद्यापासून केरीपर्यंतच्या दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींना जागा मिळावी. पंचायतींनी सरकारची वाट न पाहता येत्या ग्रामसभांत हा ठराव घ्यावा, आणि पलीकडच्या गावालाही तोच ठराव घ्यायला सांगावे.