शून्य किमतीचा मिडफिल्डर

गोल झाला की स्टेडियम उसळतं, त्यात नवल नाही. नवल एका वेगळ्या आवाजाचं आहे. मैदानाच्या मध्यावर एका पोराकडे चेंडू येतो. त्याच्या पाठीला प्रतिस्पर्धी चिकटलेला असतो. पोरगा चेंडू अडवत नाही, अंगाजवळून तसाच पुढे जाऊ देतो, कमरेतून किंचित वळतो आणि वळून होतं तोवर पाठीवरचा माणूस मागे राहिलेला असतो. अजून गोल नाही, गोलची संधी नाही, पुढचा पासही दिलेला नाही. तरी हजारो लोकांच्या तोंडून समाधानाचा एक हुंकार निघतो. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर हा हुंकार अलीकडच्या काळात सर्वांत जास्त ज्याच्या वाट्याला आला, तो कोबी मेनू.

मेनूचा जन्म १९ एप्रिल २००५ चा, मँचेस्टरला खेटून असलेल्या स्टॉकपोर्टमधला. आईवडिलांचं मूळ घानाचं. तो लहान असतानाच युनायटेडच्या अकादमीत आला. २०२२ साली युवा संघाबरोबर त्याने एफए यूथ कप जिंकला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, अठराव्या वर्षी, एव्हर्टनविरुद्ध प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. १ फेब्रुवारी २०२४ ला वुल्व्हजविरुद्ध ९७ व्या मिनिटाला त्याने ४-३ असा विजय मिळवून दिला. मे महिन्यात मँचेस्टर सिटीविरुद्धच्या एफए कप अंतिम सामन्यात २-१ मधला एक गोल त्याचा होता. जुलैत तो युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून खेळत होता. एवढ्या कामगिरीवर कोणीही लाडका होईल. पण हुंकार या गोलांच्या आधीपासूनचा आहे. गोलांचं कौतुक सगळ्या जगाने केलं. त्या वळण्याचं कौतुक मुख्यतः घरच्यांनी केलं, आणि ते का केलं याचा विचार करावासा वाटतो.

पहिलं उत्तर सोपं आहे: पोरगा गावचा आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा सामना बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पेठेतल्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला पोरगा तालमीचा शर्ट घालून उतरतो, तेव्हा त्याच्या पायात चेंडू आला की अख्ख्या पेठेचा श्वास थांबतो. मँचेस्टरमध्येही हे आहेच. एडी कोलमन हा युनायटेडचा प्रशिक्षक मॅट बझ्बी याच्या पोरांपैकी एक. सॅल्फर्डचा, मैदानापासून हाकेच्या अंतरावर वाढलेला, कमरेच्या हुलकावणीसाठी प्रसिद्ध. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात एकविसाव्या वर्षी तो गेला. युनायटेडचा मिडफिल्डर पॉल स्कोल्सही जन्माने सॅल्फर्डचाच.

पण हे उत्तर पुरत नाही. कोलमनच्या बरोबरीने ज्याच्यावर लोकांनी जीव टाकला तो डंकन एडवर्ड्स डडलीचा, म्हणजे शंभरहून अधिक किलोमीटर लांबचा. जॉर्ज बेस्ट पंधराव्या वर्षी समुद्र ओलांडून बेलफास्टहून आला. त्यांना कोणी परकं मानलं नाही. शिवाय पुण्यात, ठाण्यात मध्यरात्री सामना बघत बसणाऱ्या माणसाचा स्टॉकपोर्टशी काय संबंध? त्याने ते गाव नकाशावरही शोधलेलं नसतं. तरी मेनू वळला की तोही खुर्चीतून थोडा पुढे सरकतो. मातीचं नातं हेच कारण असतं, तर हे घडलं नसतं.

कागदोपत्री नियमही मदतीला येत नाहीत. प्रीमियर लीगच्या नियमानुसार एकविसावं वर्ष गाठण्याआधी तीन हंगाम इंग्लंड किंवा वेल्समधल्या क्लबांकडे नोंदलेला खेळाडू ‘होमग्रोन’ ठरतो. राष्ट्रीयत्वाचा प्रश्नच येत नाही. सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आर्सेनलला आलेला सेस्क फाब्रेगास या हिशोबाने इंग्लंडचा घरचा ठरला, आणि पुढे तो चेल्सीत आला तेव्हाही घरचाच होता. नियम संघाची यादी भरायला उपयोगी पडतो, लोकांचं मन उलगडायला नाही.

मला वाटतं, खरं कारण दुसरं आहे. घरच्या पोराला किंमत नसते.

शब्दशः किंमत नसते, असं म्हणतोय. क्लबने त्याच्यासाठी कोणाला पैसे मोजलेले नसतात. आणि आजच्या फुटबॉलमध्ये ही साधी गोष्ट बघणाऱ्याची नजरच बदलून टाकते. विकत आणलेला खेळाडू मैदानात येण्याआधी त्याचा आकडा येतो. सहा कोटी पौंड, आठ कोटी पौंड. मग त्याचा प्रत्येक पास त्या आकड्यासमोर उभा राहतो. चुकला तर ‘याच्यासाठी एवढे मोजले?’ आणि बरोबर गेला तर ‘तेवढे मोजलेत, तर यायलाच हवं.’ म्हणजे त्याच्या चुकीला शिक्षा आहे आणि चांगल्या खेळाला फक्त पोच. आपण त्याचा खेळ बघत नसतो, वसुली बघत असतो. घरच्या पोराकडून कसलीच वसुली नाही. तो जे देईल ते वरचं. म्हणून त्याची चूक शिकण्यात जमा होते आणि त्याचं साधं वळणसुद्धा आनंद देऊन जातं.

हे तपासून बघायला युनायटेडच्याच इतिहासात एक विलक्षण दाखला आहे. पॉल पोग्बा २००९ मध्ये सोळाव्या वर्षी फ्रान्सहून युनायटेडच्या अकादमीत आला. २०११ चा एफए यूथ कप जिंकणाऱ्या संघात होता. २०१२ मध्ये तो युव्हेंटसला गेला तेव्हा युनायटेडच्या हाती किरकोळ भरपाई आली आणि लोकांना वाटलं, पोरगा हातचा सुटला. २०१६ मध्ये तोच पोग्बा आठ कोटी नव्वद लाख पौंडांना परत आला. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. माणूस तोच, जागा तीच, लांब पल्ल्याचे पासही तेच. पहिल्याच हंगामात लीग कप आणि युरोपा लीग आली, युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात त्याने गोलही केला. तरी त्या सहा वर्षांत तो कायम हिशोबाच्या खुर्चीत बसलेला राहिला. दुखापती होत्या, प्रशिक्षकाशी वाद होते, सोडून गेल्याचा जुना राग होता, हे सगळं खरं. पण त्याच्याबद्दलच्या कुठल्याही वादात तो आकडा आला नाही, असं क्वचितच झालं.

दुसरा दाखला अधिक शांत आहे. मायकेल कॅरिक २००६ मध्ये टॉटनहॅमहून आला. किंमत एक कोटी चाळीस लाख पौंड, अटी पूर्ण झाल्यावर एक कोटी शहाऐंशी लाखांपर्यंत जाणारी. अंगावर माजी कर्णधार रॉय कीनचा १६ नंबर. कॅरिकचा खेळ मेनूच्याच जातीचा: घाई नाही, आरडाओरडा नाही, चेंडू यायच्या आधी पुढचा पास ठरलेला. स्टेडियममधल्या कित्येकांना हा माणूस नेमकं करतो काय, हे समजायला वर्षं लागली. मेनूच्या बाबतीत तेच समजायला काही आठवडे पुरले. दोघांच्या गुणवत्तेत असा जमीन-अस्मानाचा फरक नव्हता. फरक बघणाऱ्यांच्या सवडीत होता.

आता घरचे सगळेच लाडके असतात, पण मिडफिल्डरचा लाड वेगळा का? कारण त्याचं मोजमाप अवघड आहे. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात, गोलकीपरचे वाचवलेले फटके मोजता येतात. मिडफिल्डरचं उत्तम काम बऱ्याचदा न घडलेल्या गोष्टींत असतं. त्याने दबावाखाली चेंडू गमावला नाही, म्हणून प्रतिहल्ला झाला नाही. तो तीन पावलं डावीकडे सरकला, म्हणून समोरच्याचा पास अडला. चेंडू मिळण्याआधी त्याने खांद्यावरून मागे एक नजर टाकली, म्हणून एका स्पर्शात वळता आलं. ही नजर टीव्हीच्या पडद्यावर अनेकदा दिसतही नाही, कारण कॅमेरा चेंडूवर असतो. असं काम दिसायला बघणाऱ्याकडे फुरसत हवी, आणि वसुलीला बसलेल्या माणसाकडे फुरसत नसते. घरच्या पोराला किंमत नाही आणि मिडफिल्डरला सोपं माप नाही. ही दोन ‘नाही’ एकत्र येतात तेव्हा प्रेक्षकाला केवळ बघणं एवढंच काम उरतं. तो हुंकार तिथून येतो.

गंमत अशी, की युनायटेडची ही परंपराच मुळात पैसे नसण्यातून सुरू झाली. १९३१ च्या अखेरीस क्लब जवळजवळ दिवाळखोर होता. जेम्स गिब्सन या व्यावसायिकाने तो वाचवला. बाहेरून खेळाडू आणत राहण्याऐवजी पोरं घडवावीत, असं ठरलं आणि सचिव वॉल्टर क्रिकमरबरोबर त्याने १९३८ मध्ये कुमारांचा क्लब उभा केला. त्याच्याही थोडं आधीपासून, म्हणजे ३० ऑक्टोबर १९३७ पासून आजवर युनायटेडच्या पहिल्या संघाच्या प्रत्येक सामन्याला, मैदानात किंवा बाकावर, घरचा किमान एक खेळाडू आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अशा सलग ४,००० सामन्यांचा टप्पा गाठला गेला. काटकसर म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे अभिमान झाली.

इथवर शून्य किंमत हा लोकांच्या प्रेमाचा पाया दिसतो. पण तेच शून्य क्लबच्या हिशोबवहीतही लिहिलेलं असतं, आणि तिथे त्याचा अर्थ नेमका उलटा होतो.

समजा, क्लबने एक खेळाडू सहा कोटी पौंडांना पाच वर्षांच्या कराराने घेतला. हिशोबात तो खर्च पाच वर्षांत विभागला जातो, वर्षाला एक कोटी वीस लाख. दोन वर्षांनी वहीत त्याचं मूल्य उरतं तीन कोटी साठ लाख. तेव्हा तो चार कोटींना विकला, तर नफा फक्त चाळीस लाखांचा. अकादमीतल्या पोराचं वहीतलं मूल्य शून्य. तो चार कोटींना विकला की चारच्या चार कोटी त्या वर्षीचा निव्वळ नफा. प्रीमियर लीगने क्लबच्या तीन वर्षांच्या तोट्यावर साडेदहा कोटी पौंडांची मर्यादा घातली, तेव्हापासून या नफ्याला फार महत्त्व आलं. त्याच नियमात अकादमीवरचा खर्च तोट्यात धरला नाही, म्हणजे पोरं घडवायला उत्तेजन होतं. पण घडलेला पोरगा विकायला त्याहून मोठं उत्तेजन होतं. चेल्सीने २०२३ मध्ये मेसन माउंट आणि २०२४ मध्ये कॉनर गॅलाघर विकला, दोघेही लहानपणापासूनचे घरचे मिडफिल्डर. युनायटेडने २०२४ मध्ये स्कॉट मॅकटॉमिने नापोलीला दिला. पुढच्याच हंगामात नापोली विजेता ठरला आणि मॅकटॉमिने इटलीच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

म्हणजे ज्या कारणाने पोरगा स्टँडमध्ये अनमोल, त्याच कारणाने तो ऑफिसात सर्वांत विकाऊ. मेनूच्या बाबतीत हा ताण उघडपणे दिसला. एप्रिल २०२५ मध्ये लियाँविरुद्ध युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यात जादा वेळेतल्या शेवटच्या मिनिटाला त्याने ४-४ अशी बरोबरी साधली आणि लगेच हॅरी मग्वायरने ५-४ केलं. पण त्यानंतरच्या हंगामात प्रशिक्षक रुबेन आमोरिमच्या ३-४-३ रचनेत मधल्या दोन जागांसाठी त्याचा नंबर लागेना. वर्ष संपत आलं तरी लीगमध्ये त्याला एकदाही सुरुवातीपासून खेळवलं नव्हतं. डिसेंबरमध्ये बोर्नमथविरुद्धच्या सामन्याला त्याचा भाऊ ‘कोबी मेनूला मोकळं करा’ अशा अर्थाचा टी-शर्ट घालून आला आणि बातमी झाली. जानेवारी २०२६ मध्ये आमोरिम गेला, संघ कॅरिककडे आला आणि मेनू पुन्हा मैदानात दिसू लागला. लोकांना ज्याचं मोल कळायला वर्षं लागली, त्याच मिडफिल्डरला या पोराचं मोल लगेच दिसलं, याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. घरच्या पोराची किंमत शून्य, हे तरी कुठे खरं आहे? बारा-तेरा वर्षांचं प्रशिक्षण, रोज सरावाला ने-आण करणारे आईबाप, आणि त्याच वर्गातली ती असंख्य मुलं ज्यांना चौदाव्या-सोळाव्या वर्षी ‘आता नको’ असं सांगितलं गेलं. हा सगळा खर्च झालेलाच असतो, फक्त त्याची पावती कोणी बघितलेली नसते. आणि लोकांचं प्रेमही सदैव मोफत राहत नाही. पोरगा मोठा होतो, त्याच्या पगाराचा आकडा छापून येतो आणि वसुली तिथून सुरू होते. मँचेस्टरमधल्याच वायथनशॉचा मार्कस रॅशफर्ड अठराव्या वर्षी सगळ्यांचा लाडका होता. पुढे फॉर्म गेला तेव्हा त्याच्यावरचा राग विकत आणलेल्या कुणाही खेळाडूपेक्षा कमी नव्हता, उलट आपलेपणामुळे अधिकच बोचरा होता.

म्हणून या कौतुकात खेळाडूइतकाच बघणारा गुंतलेला आहे. किंमत नसलेला मिडफिल्डर लोकांना काही काळ हिशोब विसरायला लावतो, आणि तेवढ्या काळात त्यांना फुटबॉलमधला सर्वांत बारीक भाग दिसायला लागतो: जागा हेरणं, चेंडूचा वेग जोखणं, थांबणं. एकदा ते दिसू लागलं की ते फक्त मेनूपुरतं राहण्याचं कारण नाही. उद्या आठ कोटींचा कोणी नवा मिडफिल्डर येईल, पहिल्या महिन्यात अडखळेल, आणि त्याच्याही पाठीवर प्रतिस्पर्धी असताना चेंडू येईल. त्या वेळी लोकांनी आकड्याआधी त्याचं वळणं पाहिलं, तर मेनूचं कौतुक करताना ते खेळ बघायलाही शिकले, असं म्हणता येईल. नाही पाहिलं, तर ते कौतुक खेळाचं नव्हतं, स्वस्तात मिळाल्याचं होतं.