वाकडेपणाची किंमत

माझ्या घरात मातीची भांडी दोन ठिकाणी राहतात. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट आहे, त्यात प्रदर्शनांतून घेतलेले कप, वाडगे आणि एक निळसर बरणी. मागच्या पडवीत तिवईवर माठ. कपाटातली भांडी मी स्वतः धुते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. माठात घरातला कुणीही उष्टा पेला बुडवतो आणि माझं लक्षही जात नाही. माती दोन्हीकडे मातीच. मग माझ्या मनात त्यांची अशी वर्णव्यवस्था कशी तयार झाली, हे एकदा कागदावर मांडून बघावं म्हणून लिहायला बसले आहे.

सुरुवात खरेदीपासून करते, कारण माणसाचं खरं रूप पैसे काढताना दिसतं. कपाटातला एक कप आठशे रुपयांचा आहे. त्याची कड एका बाजूला किंचित झुकलेली, कान जरा वर चढलेला, बुडाशी करणाऱ्याच्या अंगठ्याचा दाब उमटलेला. विकणारी म्हणाली, ‘हातानं केलेलं आहे ना, म्हणून असं.’ मला ते पटलं. पटलं म्हणजे आवडलंच. यंत्रातून निघालेल्या एकसारख्या कपांपेक्षा हा निराळा, म्हणून मी पैसे मोजले आणि वर ‘थँक यू’ म्हटलं.

आमच्या विदर्भातल्या कुहीच्या बाजारात माठ घेताना मी वेगळीच बाई असते. बोट वाकवून टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर बाजूला. इथवर काही वावगं नाही, तडा गेलेला माठ घरी आणून उपयोग काय? पण माझं तेवढ्यावर थांबत नाही. कड डोळ्यांच्या रेषेत धरून बघते. पोटाला कुठे पोचा आलाय का, हात फिरवून बघते. सापडला की म्हणते, ‘हा वाकडा आहे मावशी, वीस कमी करा.’ ज्या वाकडेपणाचे एका ठिकाणी जास्तीचे पैसे देते, त्याच वाकडेपणापायी दुसऱ्या ठिकाणी पैसे कापते.

यावर माझ्याकडे उत्तरं तयार असतात. पहिलं उत्तर खर्चाचं. स्टुडिओतलं स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. आधी एकदा कच्च्या भांड्याची भाजणी, मग वर झिलई चढवून दुसरी. झिलईसाठी फेल्डस्पार, गारेची पूड, चिनी माती विकत आणायची. भट्टीला वीज नाहीतर गॅस. कुंभाराचा आवा मोकळ्यावर रचलेला. आमच्याकडे धानाचा मुलूख, त्यामुळे तणस आणि गोवऱ्या हाताशी असतात. त्याची धग सातशे-आठशे अंशांच्या आसपास जाते. तेव्हा किमतीत फरक असणारच, आणि त्यात अन्याय नाही. पण या हिशेबानं फक्त किमतीतला फरक समजतो. माझ्या आवाजातला फरक त्यात कुठे बसतो?

दुसरं उत्तर दर्जाचं. वरचं भांडं पक्कं, खालचं कच्चं. हे उत्तर मी बरीच वर्षं वापरलं. नीट तपासलं तर तेही टिकत नाही. माझा आठशेचा कप गॅसच्या आचेवर ठेवला तर तडकेल. उलट नागपूरकडे लांब रोट्या भाजतात ते मडकं बघा. चुलीवर पालथं घातलेलं, खालून लाकडाचा जाळ, वरून हातावर झुलवत पातळ केलेली ओली कणीक. एका भांड्याला एकाच वेळी हे दोन्ही सोसतं, कारण कमी आचेवर भाजलेली माती सच्छिद्र राहते आणि तापण्या-निवण्याची ओढाताण तिच्या छिद्रांत जिरते. माठाचं तेच. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आतलं पाणी गार. झिलई लावलेल्या भांड्याला हे काम कधीच जमणार नाही. ज्याला मी कच्चेपणा म्हणत होते, तो त्या भांड्याचा गुण होता. खोट माझ्या पारखेत होती, आणि त्या खोट्या पारखेवर मी भाव पाडत होते.

निगेच्या बाबतीतही असंच. झिलईच्या भांड्यांची किती काळजी घ्यायची, हे मला पाठ आहे. फ्रिजमधून काढून लगेच उकळतं ओतायचं नाही. बुडाची बिनझिलईची कड टेबलाला ओरखडे काढते, ती बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्यायची. झिलईत केसासारख्या रेघा पडल्या असतील तर चहा त्यात उतरतो, म्हणून कप पाण्यात भिजत टाकायचा नाही. माठाची निगा याहून साधी: साबण लावायचा नाही, नारळाच्या काथ्यानं नुसत्या पाण्यात घासायचा, कडक उन्हात वाळवायचा. पाण्यातले क्षार हळूहळू छिद्रं बुजवतात, घासल्यानं ती थोडी मोकळी होतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी माठ शेवाळला की मी म्हणते, ‘जाऊ दे, अक्षय तृतीयेला नवा आणू.’ घागर भरायला नवं मडकं लागतंच, हे निमित्तही सोयीचं. म्हणजे निगा मी भांड्याची घेत नव्हते, किमतीची घेत होते.

स्वतः मातीकाम शिकायला लागल्यावर हे बदलेल, असं वाटलं होतं. नागपूरला सुटीच्या दिवशी एका स्टुडिओत जाते. तिथे विजेचं चाक, पिशवीतून आलेली चाळलेली तयार माती, कमरेला ॲप्रन. सगळ्यात अवघड काम म्हणजे गोळा चाकाच्या मधोमध आणणं. बाहेरून बघताना ते दिसतही नाही. दोन्ही कोपरं मांडीत रोवायची, डाव्या तळव्यानं बाजूनं रेटायचं, उजव्या मुठीनं वरून दाबायचं आणि मग हात हलू द्यायचे नाहीत. गोळा हाताला धक्के देत असतो. मनगट जरा सैल पडलं की तो तुम्हाला हलवतो. हात स्थिर राहिले तर एका क्षणी धक्के थांबतात, चाक फिरत असतं आणि गोळा उभा असल्यासारखा वाटतो. मग अंगठा आत जातो. हे जमलं त्या दिवशी मी घरभर सांगत सुटले.

चाकानं मला एक गोष्ट शिकवली. सारखेपणा ही किती कठीण गोष्ट आहे! माझे वाडगे वाकडे होतात ते मला वाकडे करायचे असतात म्हणून नाही, सरळ येत नाहीत म्हणून. त्यांना ‘हाताचा स्पर्श’ म्हणणं ही मी शोधलेली सोय. बाजारातली मावशी मांडून बसते त्या माठांची एका ओळीतली पोटं सारखी असतात. तो सारखेपणा साच्यातून आलेला नसतो. चाकावर गळा आणि जाड अंग उठवायचं, मग मडकं थोडं सुकल्यावर आतून गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत पोट वाढवायचं आणि बूड गोल करायचं. ठोका जोरात पडला तर भोक, हलका पडला तर भिंत जाड. ही थापटण्याची विद्या आमच्या वर्गात शिकवत नाहीत. मीही कधी विचारली नाही.

एकदा मात्र बाजारात त्या मावशींना विचारलं, ‘तुम्ही चाकावर बसता का हो?’ त्या हसल्या. ‘आमी नाई बसत जी चाकावर. आमचं काम चिखलाचं.’

कुंभारांच्या बहुतेक घरांत बाईनं चाकाला हात लावायचा नाही, ही रीत. माती आणणं, कुटणं, चाळणं, भिजवणं, पायानं तुडवणं, भांड्याला काव लावून घोटणं, आवा रचायला हात देणं आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला येणं हे बाईचं. आमच्या भागातली काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना फाटते, तिचं एकटीचं भांडं होत नाही. तळ्याचा गाळ, राख, लीद किती आणि कशात मिसळायची, हे त्या मावशी बोटांनी ओळखतात. माझ्या चाकावर माती पिशवीतून येते. त्यांनी आयुष्यभर जे केलं ते सगळं माझ्यासाठी आधीच झालेलं असतं, आणि त्यांना जिथे बसायची मुभा नव्हती तिथे मी फी भरून बसते. मला कुणी जात विचारली नाही. मडकं बिघडलं तर मी ते बादलीत टाकते, पुढच्या आठवड्यात त्याचीच माती पुन्हा मळते. त्यांच्याकडे वैशाखात वळवाचा पाऊस अंगणातल्या कच्च्या मडक्यांवर पडला तर महिन्याची कमाई चिखलात जाते. माझी हौस स्वच्छ आहे, कारण तिच्यावर माझं पोट नाही. एवढं तरी मी स्वतःशी नीट कबूल केलं पाहिजे.

यातून मनात एक चांगला विचार आला. चांगलाच, असं तेव्हा वाटलं. मावशींना एकदा स्टुडिओत न्यावं, चाकावर बसवावं. मग त्या विचाराचं पोट तपासलं. त्यात मावशींचे हात होते, माती होती आणि शेजारी उभी मी होते, फोटोत. त्यांना चाकावर बसायचं आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. माझ्या दयेला प्रेक्षक लागतो, हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण कळलं ते बरं झालं.

नावाचंही तेच. माझा पहिला धड वाडगा तयार झाला तेव्हा भाजायच्या आधी मी काडीनं बुडावर नाव कोरलं. पण माझ्याआधी इथे मडकी घडवणाऱ्यांची नावं कुठे आहेत? आमच्या कुही तालुक्यात आदम नावाचं गाव आहे. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली १९८८ पासून काही वर्षं उत्खनन केलं. सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचे थरावर थर निघाले. विदर्भातल्या अशा प्राचीन स्थळांवर काळी-तांबडी खापरं मिळतात, आतून काळी, बाहेरून लाल. मडकं पालथं घालून भाजलं की आत हवा पोचत नाही आणि तेवढा भाग काळा राहतो, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. आग इतकी हुकमी वापरणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचंही नाव उरलेलं नाही. याच तालुक्यातल्या मांढळला वाकाटकांचे ताम्रपट सापडले. त्यांत देणारा राजा कोण, घेणारे कोण, गाव कुठलं, सगळं कोरलेलं. नाव कुणाचं राहायचं, हे तेव्हाही ठरलेलं होतं.

जपानात यानागी सोएत्सू यांनी १९२५ च्या सुमारास अनामिक कारागिराच्या रोजच्या भांड्यांत सौंदर्य बघायला शिकवलं. त्यांच्यासोबतचे थोर कुंभार हामादा शोजी पुढे आपल्या भांड्यांवर सही करत नसत. हे वाचून मीही सही सोडायचं ठरवलं होतं. मग ध्यानात आलं की हामादांची भांडी सहीशिवायही हामादांच्याच नावानं विकली गेली. ज्याला नाव आहे त्यालाच ते सोडण्याचा मोठेपणा मिळतो. मावशींच्या घरी सोडायला नावच नाही. तेव्हा सही करावी की नाही या प्रश्नावर मी जो वेळ घालवला, तो त्यांच्या घरी कोण काय करतं हे विचारण्यात घालवायला हवा होता.

स्टुडिओ आणि आवा यांच्यामध्ये देवानं भिंत घातलेली नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचं काम चाललं. त्याच विचारातून कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ उभा केला आणि गावच्या कुंभारकामाला नव्या भट्ट्यांची, नव्या तंत्राची जोड दिली. म्हणजे हे विदर्भातच करून झालेलं आहे. भिंत असेल तर ती माझ्यासारख्या गिऱ्हाइकाच्या मनात.

मग ठरवलं काय? माठाचा भाव सांगतील तो द्यायचा. गळका नसेल तर वाकडेपणाची सूट मागायची नाही. पाहुण्यांना कपाट दाखवताना माठही कुणी घडवला ते सांगायचं. ‘मी कुंभारकाम शिकले’ असं म्हणायचं नाही. मी चाकावर वाडगा उठवायला शिकते आहे, तेवढंच म्हणायचं. हे सगळं सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच त्यावर फार भरवसा ठेवू नये.

अवघड गोष्ट निराळी. मावशींचा मुलगा बुटीबोरीला कारखान्यात जातो. त्याला चाक नको आहे, आणि मावशींनाही त्यानं चाकावर बसावं असं वाटत नाही. हे ऐकून मला हळहळ वाटली. ‘कला जाईल हो,’ असं मी बोलूनही गेले. त्या काही म्हणाल्या नाहीत, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. नंतर मी ती हळहळ तपासली. माझ्या मुलीनं मातीत हात घालावा, असं मला वाटतं, पण सुटीच्या दिवशी. तिनं पावसाच्या भीतीनं आभाळाकडे बघत त्यावर संसार चालवावा, असं मला मुळीच वाटत नाही. जे मी माझ्या मुलीसाठी मागणार नाही, ते मावशींच्या मुलाकडून मागण्याचा मला अधिकार नाही. ही कला टिकावी असं मला खरंच वाटत असेल, तर ती पोटाला पुरेल एवढा भाव आधी गिऱ्हाइकानं दिला पाहिजे, आणि कुहीच्या बाजारातलं एक गिऱ्हाईक मी आहे.