आस्मानी कुठे संपते?

ऑक्टोबर सरत आला तरी कॅरिबियन समुद्राचा पश्चिम कोपरा उबदारच असतो. १९९८ साली २२ ऑक्टोबरला तिथे ‘मिच’ हे चक्रीवादळ आकाराला आले आणि चार दिवसांत त्याचे वारे ताशी २८५ किलोमीटरवर पोहोचले. २९ तारखेला ते होंडुरासच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा मात्र पाचव्या श्रेणीवरून पहिल्या श्रेणीपर्यंत उतरले होते.

मग दहा हजारांहून अधिक माणसे मेली कशाने?

पावसाने. वादळाला पुढे ढकलणारे वारे मंदावले, ते रेंगाळले आणि बाष्पाने भरलेली हवा दिवसेंदिवस डोंगरांवर आदळत राहिली. ३० ऑक्टोबरला निकाराग्वातल्या कासिता ज्वालामुखीचा उतार निसटला. चिखलाच्या लोंढ्याखाली एल पोर्व्हेनीर आणि रोलांदो रोद्रिगेस ही दोन गावे गाडली गेली. ५ नोव्हेंबरला मिच फ्लोरिडा ओलांडून अटलांटिकमध्ये निघून गेले.

मधल्या १ नोव्हेंबरला सर्व संतांचा ख्रिस्ती सण होता. १७५५ साली याच सणाच्या सकाळी लिस्बन भूकंपाने कोसळले आणि दयाळू देवाच्या राज्यात हे का घडावे, या प्रश्नाने युरोपला छळले. तत्त्वज्ञ रूसोने व्हॉल्टेअरला पत्रातून सुनावले, की सहा-सात मजली घरांची ती दाटी काही निसर्गाने उभारली नव्हती.

मिचमध्ये जिचे लेकरू वाहून गेले, तिचे रूसोच्या या उत्तराने समाधान होणार नाही. तिचा आक्रोश देवाकडेच जाणार. तिचा तो हक्कच आहे. राज्यकर्त्यांनी मात्र देवाच्या मर्जीआड लपू नये. पोसोल्तेगाच्या महापौर फेलिसितास सेलेदोन यांनी कासिताच्या पायथ्याहून मदतीची हाक दिली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अर्नोल्दो आलेमान यांनी ती आधी खरी मानली नाही. होंडुरासमधली उत्तरेची सुपीक सपाटी केळीच्या अमेरिकी कंपन्यांनी कधीच घेतली होती. गरीब शेतकरी उभ्या उतारावर मका पेरत होता. एवढी सुलतानी आस्मानीच्या खात्यावर मांडणे हा मृतांवर अन्याय आहे, आणि देवावरही.

वादळानंतर संशोधक एरिक होल्ट-हिमेनेस यांनी शेतकऱ्यांनाच हाताशी धरून होंडुरास, निकाराग्वा आणि ग्वाटेमालातली शेजारशेजारची शेते तपासली. ज्यांनी बांध घातले होते, झाडे राखली होती, जमीन आच्छादली होती, त्यांच्या शेतात सुपीक माती अधिक टिकली होती. पाऊस बांधाच्या अल्याड-पल्याड सारखाच कोसळला होता.