फोडणीले काय टाकू?

सहा महिने एक गोष्ट लिहितोय. जग कोलमडलंय. नेट नाही, डिझेल नाही, आणि अकोल्याच्या शिवणी विमानतळावर पंख्याचं एकच विमान उरलंय. सीटा काढल्या की बियाणं, बसवल्या की पेशंट.

असं विमान खरंच होतं, डकोटा. महायुद्धात त्यातून पॅराशूटवाले सैनिक उतरले. 1947 मध्ये त्यातून निर्वासित आले, आणि 27 ऑक्टोबरला सैनिक श्रीनगरला पोचले. 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटायची आणि टपालाच्या थैल्या बदलून परतायची. देशभरची पत्रं आपल्या विदर्भात हात बदलायची, याचं मला उगाच कौतुक आहे.

माझ्या विमानाला मी डिझेल इंजिन दिलं. ते खाद्यतेलावरही चालू शकतं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं. वऱ्हाडात कापूस आहे म्हणजे सरकी आहे. प्रश्न मिटला! आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "मंग फोडणीले काय टाकू आम्ही?"

गोष्ट तिथेच अडकली. धारणीजवळ एका मुलीला साप चावलाय, इंजेक्शन अकोल्यात आहे. जाऊन-येऊन शंभर लिटर तेल. घराला महिन्याला तीन लिटर धरले, तर तेहेतीस घरांचा महिना. बिनतेलाची भाजी खाऊन कोणी मरत नाही, उडवा विमान. पण उद्या दुसरा साप, परवा अडलेली बाळंतीण. दहाव्या फेरीनंतर त्या घरांतल्या लेकरांच्या ताटात काय? बैल दमला की बसतो. काहीही वाहणारं यंत्र कशालाच नाही म्हणत नाही, ते कोणीतरी माणसानेच म्हणायचं असतं.

आधी मी निर्णय पायलटवर सोडला. तो अर्थातच हिरो निघाला. ती माझी चोरी होती, कारण तेल त्याचं नव्हतंच. मग त्या तेहेतीस घरांनाच विचारायचं ठरवलं, आणि लिहिताना माझा हात थांबला. ते नाही म्हणाले तर?

16 एप्रिल 2025 ला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान अमरावतीच्या बेलोऱ्याला उतरलं. एटीआर, तेही पंख्याचंच. पुढे मीही त्यातून गेलो. उडान योजनेमुळे तिकिटाचा काही भार दुसरंच कोणी उचलतं. खिडकीतून फोटो काढताना ते कोण, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आई दर दोन दिवसांनी फोनवर विचारते, "पोट्टी वाचली का नाई?" मी म्हणतो, अजून मीटिंग चालू आहे.