पदरमोड

कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ १९४२ साली निघाला, तो वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या खर्चानं काढला. प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. मराठीच्या वर्गात ही माहिती एका वाक्यात सांगतात आणि लगेच कवितांकडे वळतात. आज त्या एका वाक्यापाशीच जरा थांबू या.

खांडेकर तेव्हा ४४ वर्षांचे, नावाजलेले कादंबरीकार. १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मुलांना शिकवलेला हा माणूस. पैशाचं मोल त्यांना कुणी सांगायला नको होतं. कवी तिशीचा. ‘जीवनलहरी’ हा संग्रह त्याच्या नावावर होता, पण घरोघरी त्याच्या ओळी पाठ असण्याचे दिवस अजून यायचे होते. बाहेर महायुद्ध चाललेलं. अशा वेळी एका लेखकाला दुसऱ्याच्या कविता वाचून वाटलं, की या लोकांपुढे गेल्याच पाहिजेत. असं वाटतं पुष्कळांना. खांडेकरांनी पदरमोड केली.

पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. मराठीला मिळालेला तो पहिला. दुसरा १९८७ चा, कुसुमाग्रजांना. तो पाहायला खांडेकर नव्हते, १९७६ मध्येच ते गेले होते. पण मला वाटतं, त्यांचं त्यावाचून काही अडलंही नसतं. साऱ्या देशाला जे उशिरा कळलं, ते त्यांना ४५ वर्षं आधी कळलं होतं आणि तेव्हाच त्यांनी त्यासाठी करायचं ते केलं होतं.

आपल्या बरोबरीनं लिहिणाऱ्याचं चांगलं लिखाण वाचताना मनात दोन गोष्टी एकदमच उठतात. एक निखळ आनंद आणि दुसरी बारीकशी कळ: हे आपल्याला का सुचलं नाही? ही कळ वाईट नाही. चांगल्या लिखाणाची ती पहिली पावती असते, कारण सुमार लिखाण वाचून ती कधी उठत नाही. प्रश्न एवढाच, की पुढे तिचं आपण काय करतो. काही जण गप्प बसतात. काही जण तिच्यातून दोष शोधायला लागतात. आणि काही थोडे लोक, ज्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, ते ती कळ बाजूला सारून दुसऱ्याच्या ओळीसाठी राबायला लागतात.

या राबण्याचं सर्वांत मोठं उदाहरण पैठणचं आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी होऊन तेव्हा जवळजवळ ३०० वर्षं झाली होती. हातानं नकलून काढताना शब्द बदलत, पाठ भ्रष्ट होत, कुणी आपल्या पदरच्या ओव्या मध्येच घुसडत. नाथांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या, जे मूळचं वाटलं ते ठेवलं. हे काम किती कंटाळ्याचं आणि किती डोळे दुखवणारं असेल, ते एखादी जुनी पोथी चार पानं जरी उतरवून पाहिली तरी कळेल. बरं, हे करणारे नाथ कुणी रिकामे बसलेले नव्हते. त्यांचं भागवत शके १४९५ मध्ये काशीला पुरं झालं होतं. १८ हजारांहून जास्त ओव्यांचा तो ग्रंथ. भर प्रतिभेच्या काळात, स्वतःचं लिहायचं सोडून, ते दुसऱ्याच्या ओव्यांतलं तण काढत बसले. आणि शेवटी बजावून ठेवलं, की या पाठात कुणी आपली ओवी घालू नये. तो नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता, हे मला फार मोठं वाटतं. ओवी घालायची तर त्यांच्याइतकी बेमालूम कुणी घातली असती? ज्ञानेश्वरी थोर आहे असं त्यांनी नुसतं म्हटलं असतं, तर ती एक स्तुती झाली असती. त्यांनी आपल्या हातात वाचता येईल अशी ज्ञानेश्वरी ठेवली.

कौतुकाला वेळ मात्र गाठता यावी लागते. केशवसुत १९०५ मध्ये गेले. त्यांच्या कवितांचं पुस्तक हरि नारायण आपट्यांनी काढलं, पण ते नंतर. आपल्या नावाचं पुस्तक केशवसुतांनी पाहिलं नाही. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये छापून आली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. आईची गाणी त्यांनी आचार्य अत्र्यांपुढे ठेवली आणि अत्र्यांनी नुसती शाबासकी न देता पुस्तक निघेपर्यंत पाठ सोडली नाही, प्रस्तावना लिहिली. ‘झेंडूची फुले’मध्ये भल्याभल्या कवींची टोपी उडवणारी हीच लेखणी. ज्याला खोटं इतकं झटकन ओळखू येतं, त्यालाच अस्सल समोर आलं की असं उचंबळून येत असावं. बहिणाबाईंना यातलं काही कळलं नाही याची हळहळ मला दर वेळी वाटते. कळलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या हेही मनात येतं.

याउलट जळगाव, १९०७. कविसंमेलन भरलेलं, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलानं तिथे कविता म्हटली आणि जाणत्या मंडळींनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला घरच्यासारखं सांभाळलं, तेही स्वतः मोठे कवी असताना. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जळगावच्या त्या मंडळींनी ‘अजून पोर आहे, पिकू द्या’ म्हणून हात आखडता घेतला असता तर?

‘तू माझी आरती ओवाळ, मी तुझी ओवाळतो’ हा प्रकारही लेखकांत चालतो, मला ठाऊक आहे. त्या भीतीनं कित्येक चांगली माणसं कौतुकच करेनाशी होतात. पण ओळखायची खूण सोपी आहे. आरती ओवाळणाऱ्याला काही पडत नाही. खांडेकरांना पैसे पडले, नाथांना आयुष्यातला वेळ पडला. पु. ल. आणि सुनीताबाईंनी बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या, आरती प्रभूंच्या कवितांचं वाचन केलं, पु. लं.च्या स्वतःच्या शब्दांसाठी सभागृह भरलं असतं, ते त्यांनी दुसऱ्यांच्या शब्दांसाठी भरवलं. शिवाय त्यासाठी कविता मुखोद्गत कराव्या लागतात, कुठे श्वास घ्यायचा, कोणता शब्द हलकेच सोडायचा, हे ठरवावं लागतं. एखाद्या कवितेचं याहून बारकाईचं वाचन मला सुचत नाही.

आपण सगळे संग्रह काढू शकत नाही, पाठशुद्धी तर दूरच. पण ‘छान’, ‘अप्रतिम’ यापलीकडे जाणं आपल्या हातात आहे. लेख दुसऱ्यांदा वाचावा. नेमकं कोणतं वाक्य लागलं ते शोधावं आणि लिहिणाऱ्याला तेच कळवावं. लिहिणाऱ्याला ‘छान’ म्हटल्यानं बरं वाटतं, पण ‘तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही आईबद्दल बोलता बोलता थांबलात आणि विहिरीकडे वळलात, तिथे मी पुस्तक मिटून बसले’ असं कुणी लिहिलं की त्याला आपलं लिखाणच नव्यानं दिसतं. पुढच्या लेखात त्या जागी तो धीटपणे थांबू शकतो. कुणी सांगितलंच नाही, तर ती जागा तो पुढच्या वेळी भरूनही टाकील.

एका दिवाळी अंकातला एक लेख माझ्याजवळ खूण घालून ठेवलेला आहे. लेखिका माझ्या ओळखीची नाही, नावही पूर्वी कधी वाचलेलं नव्हतं. दुष्काळात गाव सोडताना घराला कुलूप लावावं की नाही यावर घरातली माणसं भांडतात, एवढंच त्यात आहे. कुलूप लावायचं ठरतं आणि मग किल्ली कुणाजवळ ठेवायची यावर सगळे गप्प होतात. हा गप्पपणा तिनं दोन वाक्यांत लिहिला आहे, एकही विशेषण न वापरता. मी इतकी वर्षं लिहिते आहे, पण मला तिथे चार-पाच वाक्यं लागली असती. अंकाच्या संपादकांकडून तिचा पत्ता मिळाला आहे. पत्र आजच लिहिते, किल्लीपासून सुरुवात करून.