बशीतली बक्षिशी आणि हक्काचे वेतन

लग्नाची मेजवानी आटोपते. धर्मग्रामाच्या सभागृहातील दिवे एकेक करून मालवू लागतात. यजमान केटररच्या मुकादमाला बाजूला बोलावून त्याच्या हातावर पाचशेची नोट ठेवतो आणि म्हणतो, ‘‘पोरांना वाटून द्या.’’ ही पोरे म्हणजे संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सरबताचे पेले आणि जेवणाची ताटे वाहणारे वाढपी. त्या रात्रीची त्यांची मजुरी किती ठरली होती, ती त्यांच्या हाती पडली की नाही, हे यजमानाला ठाऊक नसते. आम्हीही अशा मेजवान्यांचे यजमान झालो आहोत आणि हा प्रश्न आम्हीही कधी विचारलेला नाही. नोट दिली, मन हलके झाले आणि आम्ही घरी गेलो. ते हलके झालेले मन कितपत प्रामाणिक होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या भाषेत अशा देण्याला जुने शब्द आहेत. सणासुदीला पोस्टमनला देतो ती पोस्त आणि कामावर खूश होऊन हातावर ठेवतो ती बक्षिशी. बक्षीस हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ देणगी. देणगी देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, तर वेतन घेणाऱ्याच्या हक्कावर उभे असते. मग हॉटेलात बडीशेपेच्या बशीत आम्ही जी नाणी ठेवून उठतो, ती यांपैकी काय? वेटरला पोटापुरता पगार मिळत असेल तर ती देणगी आहे. तसा पगार मिळत नसेल तर तो त्याच्या वेतनाचाच राहून गेलेला तुकडा आहे आणि तो द्यावा की देऊ नये, हे आमच्या लहरीवर सोपविलेले आहे.

ही व्यवस्था कोठवर जाऊ शकते, हे अमेरिकेत दिसते. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने १८६७ पासून रेल्वेचे शयनडबे चालविले आणि त्यांत सेवक म्हणून गुलामगिरीतून नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय नेमले. पगार तुटपुंजा ठेवला. उरलेले पोट प्रवाशांच्या बक्षिशीवर. पुष्कळ प्रवासी त्या सर्वांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, म्हणजे मालकाच्या नावाने हाक मारीत. त्या सेवकांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीशी वेतनाचा करार घडवून आणला. परंतु मूळ कल्पना मेली नाही. १९६६ च्या कायदादुरुस्तीने बक्षिशीची रक्कम किमान वेतनात धरण्याची मुभा तेथील मालकांना मिळाली. बक्षिशी घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे राष्ट्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट एवढेच राहिले आहे. एरवीचे किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलर आहे. मधले अंतर गिऱ्हाइकाने भरावे आणि त्याने न भरले तरच मालकाने, असा तो नियम. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी मात्र ही सवलत नाकारून मालकाला पूर्ण किमान वेतन देणे भाग पाडले आहे.

भारतात बक्षिशी वेतनात मोजली जात नाही. २०१६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आयकराच्या एका खटल्यात सांगितले की, गिऱ्हाइकाने दिलेली बक्षिशी हा मालकाने दिलेला पगार ठरत नाही. कायदा असा स्पष्ट आहे. आमचा व्यवहार तसा नाही. बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ग्राहक म्हणून आम्हांला आनंद झाला. पण आजवर भरलेले ते शुल्क वेटरच्या हाती किती पोहोचत होते आणि ते थांबल्यावर त्याचा पगार वाढला का, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही.

प्रभू येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही धन्याने पूर्ण दिवसाचा दिनार दिला. धन्याचे औदार्य आपण वाखाणतो. परंतु त्या औदार्याच्या दोन अटी नजरेतून सुटतात. पहाटे आलेल्यांना ठरलेली मजुरी त्याने पुरेपूर दिली. एकाचा हक्क कापून दुसऱ्यावर कृपा केली नाही. आणि त्याने जे दिले ते स्वतःच्या थैलीतून दिले. मळ्याच्या कुंपणापाशी उभे राहून वाटसरूंना त्याने असे सांगितले नाही की, माझ्या मजुरांचे काम आवडले असेल तर त्यांना चार नाणी देऊन जा. बक्षिशीवर पगार भागविणारा मालक नेमके हेच करतो.

पवित्र सभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात सांगितले की, दोघांनी राजीखुशीने ठरविलेले वेतनही कामगाराच्या साध्या निर्वाहाला पुरत नसेल तर ते न्याय्य नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये न्याय्य वेतन ही समाजाच्या साऱ्या अर्थव्यवस्थेची कसोटी मानली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या कार्याविषयी जो दस्तऐवज दिला, त्यातील इशारा तर आम्हां पाचशेची नोट देणाऱ्यांसाठीच आहे: न्यायाने जे देणे लागते ते आधी द्यावे, तेच प्रीतिदान म्हणून पुढे करू नये.

यावर एक आक्षेप आहे आणि तो आपल्याच घरांतून येतो. गोव्याच्या आणि वसईच्या कितीतरी मुलांनी आगबोटींवर आणि आखातातील हॉटेलांत ताटे उचलली. त्यांतला एखादा सांगेल, ‘‘पगार सांगण्यासारखा नव्हता, बक्षिशीवर बहिणीचे लग्न झाले, घरावर स्लॅब पडला.’’ हे खरे आहे आणि त्या कष्टांपुढे आम्ही नम्र आहोत. पण त्याच मुलाला विचारावे की, ज्या महिन्यात प्रवासी कमी आले त्या महिन्यात घरी काय पाठविले? अंगात ताप असताना हसू कोणासाठी आणले? आणि खाली मोरीवर भांडी घासणाऱ्याला, ज्याचे तोंड कोणा प्रवाशाने पाहिले नाही, त्याला काय मिळाले? बक्षिशी दिसणाऱ्याला मिळते. न्याय न दिसणाऱ्यालाही मिळावयास हवा.

तर मग बक्षिशी बंद करावी काय? आमचे उत्तर नाही असे आहे. आम्ही तत्त्व म्हणून बशी रिकामी ठेवली तर गल्ल्यावरच्या मालकाचे काहीच बिघडत नाही; फटका वेटरच्या घरी बसतो. व्यवस्था बदलेपर्यंत देणे हे आमचे कर्तव्यच आहे. मात्र कसे द्यावे, हे रूथच्या गोष्टीतील बवाजकडून शिकावे. त्याने कापणी करणाऱ्यांना सांगितले की, पेंढ्यांतल्या काही लोंब्या मुद्दाम गळू द्या आणि ती वेचील तेव्हा तिला दटावू नका. देणे असे होते की, घेणारीला मान खाली घालावी लागली नाही.

आणि जेथे आम्ही स्वतः यजमान आहोत तेथे आमची जबाबदारी बशीपुरती नाही. ताटाचा भाव ठरविताना आम्ही केटररशी दहा-वीस रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो. ते दहा-वीस रुपये शेवटी कोणाच्या मजुरीतून निघतात, हे ओळखण्यास अर्थशास्त्र लागत नाही. त्याच बैठकीत आणखी तीन प्रश्न विचारता येतील: वाढप्यांना रात्रीचे किती देणार? ते त्याच रात्री देणार काय? आणि ती मुले जेवणार कधी? सभागृह भाड्याने देताना धर्मग्रामालाही हे विचारता येईल. मोशेच्या नियमशास्त्राने मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावयास सांगितली, कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. आपल्या मेजवान्या सूर्य मावळल्यावर सुरू होतात. निदान दिवे मालविण्यापूर्वी ती मजुरी त्या मुलांच्या हाती पडली आहे, एवढी खात्री आम्ही करून घ्यावी. त्यानंतर खुशाल पाचशेची नोट काढावी. तेव्हाच ती खरी बक्षिशी ठरेल.