पडल्यानंतरचे काही क्षण

तापीच्या उत्तर काठावर बऱ्हाणपूर आणि समोर, दक्षिण काठावर जैनाबाद. फारुकी सुलतानांच्या काळातल्या या दोन्ही वस्त्यांना सूफी संतांची नावं मिळाली : बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी. दोघांच्याही समाध्या खुलदाबादला आहेत, आणि औरंगजेबाची साधी, उघडी कबर तिथे जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारातच आहे. जैनाबाद बहुतेकांना मुमताजमुळे ठाऊक असतं. १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात तिचा मृत्यू झाला आणि आग्र्याला नेईपर्यंत काही महिने तिचा देह इथल्या बागेत दफन होता. मला मात्र या जागेची दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावते. ती एका माणसाच्या पडण्याची गोष्ट आहे.

शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून निघाला असताना बऱ्हाणपूरला थांबला. हमीदुद्दीन खानाच्या नावावर असलेल्या ‘अहकाम-ए-आलमगिरी’त म्हटलं आहे की, मावशीच्या घरी झाडाची फांदी धरून गुणगुणणारी हिराबाई त्याला दिसली, तो तिथेच खाली बसला आणि मग बेशुद्ध होऊन जमिनीवर आडवा झाला. मावशी अनवाणी धावत आली. पुढे ती गायिका त्याच्या जनान्यात आली आणि जैनाबादी महल म्हणून ओळखली गेली. ‘मआसिर-उल-उमरा’ हा अठराव्या शतकातला ग्रंथ हीच हकिगत वेगळी सांगतो. तिथे प्रसंग जैनाबादच्या आहुखान्यातला, म्हणजे हरणांच्या बागेतला आहे. आंब्याने लगडलेलं झाड पाहून हिराबाईच उडी मारून फळ तोडते आणि शाहजाद्याचं भान हरपतं. कोसळणं वगैरे काही नाही. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दोन्ही वृत्तांत वाचकांसमोर ठेवले.

तो पडला का? पडला असेल तर खरोखर शुद्ध हरपून पडला, की मावशीपुढे शब्दांनी मागता येत नव्हतं ते पडून मागितलं? याचं उत्तर कुणीही देऊ शकणार नाही. पडणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होतं, याचा पुरावा मागे उरत नाही. उरतात त्या सांगणाऱ्यांच्या हकिगती, आणि प्रत्येक सांगणाऱ्याची आपली एक बाजू असते.

हे मी फुटबॉलसाठी सांगतो आहे. युरोपातले रात्री उशिराचे सामने आज बऱ्हाणपूर-जळगावकडची मुलंही मोबाईलवर पाहतात, आणि पेनल्टी बॉक्समध्ये कुणी कोसळला की वाद पेटतो : खरंच पाडलं की डाइव्ह मारली? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हा वाद कितीतरी जुना आहे. तिथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील आणि खंडोबा अशा दोन तालमींचे संघ समोरासमोर असले की पडलेला खेळाडू कुठल्या तालमीचा यावरच अर्ध्या गॅलरीचा निकाल ठरतो. यात कोल्हापूरकरांना कमी लेखण्याचा हेतू नाही. निष्ठा हीच त्या मैदानाची ताकद आहे, आणि तीच डोळ्यांवर येते.

कॅमेरे आले तर वाद मिटेल, असं आपल्याला वाटत होतं. २९ जून २०१४ ला ब्राझीलमधल्या फोर्टालेझा शहरात वर्ल्ड कपचा नेदरलँड्स विरुद्ध मेक्सिको सामना झाला. मेक्सिको एका गोलने पुढे होता. ८८ व्या मिनिटाला स्नायडरने बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत आर्यन रॉबेन गोलरेषेजवळ राफाएल मार्केसच्या पायाशी पडला. पोर्तुगीज रेफरी पेद्रो प्रोएन्सा यांनी पेनल्टी दिली, हुंटेलारने गोल केला, मेक्सिको बाहेर गेला. ‘ती पेनल्टी नव्हतीच’ हे वाक्य मेक्सिकोत म्हणीसारखं रुजलं. सामन्यानंतर रॉबेनने कबूल केलं की पहिल्या हाफमध्ये आपण एकदा मुद्दाम पडलो होतो, आणि त्याबद्दल माफी मागितली. शेवटची पेनल्टी मात्र खरी होती, यावर तो ठाम राहिला.

ते दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माझ्या मते मार्केसचा पाय रॉबेनच्या पायावर आला होता. आणि रॉबेनने हात फेकून, शरीर ताणून घेतलेली ती झेप त्या स्पर्शाच्या मानाने फार मोठी होती. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. आपला वाद इथेच चुकीच्या वाटेला लागतो. फाउल झाला का, हा एक प्रश्न. पडणं खरं होतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बचावपटूच्या वागण्यात शोधायचं असतं, दुसऱ्याचं पडणाऱ्याच्या. आपण दोन्ही एकत्र करतो आणि ‘स्पर्श झाला का’ एवढंच विचारत बसतो. खेळाचा बारावा नियम तर पाय घालून पाडण्याइतकाच पाडण्याचा प्रयत्नही गुन्हा मानतो, म्हणजे स्पर्शाशिवायही फाउल होऊ शकतो. उलट, स्पर्श झाला तरी तो फाउल असेलच असं नाही, कारण धक्काबुक्की या खेळात आहेच. फाउल झाल्याचं सोंग करणाऱ्याला पिवळं कार्ड आहे. पण फाउल झाला आणि सोंगही केलं, तर काय?

खेळाडू का पडतात, याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर रेफरींकडेही पाहावं लागेल. बचावपटूने शर्ट ओढला, पाय घातला, तरी जो तोल सावरून पळत राहतो त्याच्यासाठी शिट्टी क्वचितच वाजते. चेंडू हातचा गेला की त्याला काहीच मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये सहा व्यावसायिक लीगमधल्या ६० सामन्यांतलं प्रत्येक पडणं तपासलं. ती संख्या २,८०० च्या घरात होती. त्यात उघड सोंगं थोडी होती, पण त्यांपैकी एकालाही शिक्षा झालेली नव्हती. ज्या लीगमध्ये रेफरी अशा पडण्याला जास्त फसत होते, तिथे पडण्याचं प्रमाणही जास्त होतं. मुलं लबाड जन्माला येत नाहीत. उभं राहिल्याने काय हरवतं, हे ती मैदानावर शिकतात.

संथ गतीचा रिप्ले खरं पडणं ओळखण्याच्या कामात जितकी मदत करतो तितकीच दिशाभूल करतो. त्यात पाय पायाला लागलेला दिसतो, पण जोर दिसत नाही. पळणाऱ्या माणसाला हलका धक्काही पुरतो, हे संथ चित्रात विरून जातं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की तीच कृती संथ गतीत पाहणाऱ्यांना ती जास्त हेतुपुरस्सर वाटते. म्हणजे ज्या साधनावर आपण इरादा ओळखण्यासाठी विसंबतो, तेच साधन इरादा वाढवून दाखवतं.

ऑगस्ट २००९ मध्ये आर्सेनलच्या एदुआर्दोने सेल्टिकविरुद्ध अशीच पडून पेनल्टी मिळवली आणि स्वतःच गोल केला. युएफाने त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली. अपिलात ती उठली, कारण त्याने रेफरीला फसवलं हे समितीचं समाधान होईल इतकं सिद्ध झालं नाही. अनेकांना तो निकाल भेकडपणाचा वाटला. मला तो योग्य वाटतो. मनातला हेतू चित्रफितीवरून ओळखून माणसाला शिक्षा द्यायची नसते. पण मग सोंग करणाऱ्याला मोकळं सोडायचं का? नाही. पडण्याच्या क्षणाऐवजी त्यानंतरचे क्षण तपासायचे.

पडणं डोळ्याचं पातं लवतं तितक्यात होतं. त्यात भीती असते, घोट्याला वाचवण्याची सवय असते, थोडी लबाडीही असते, आणि खुद्द खेळाडूलाही हे घटक वेगळे करता येतील असं मला वाटत नाही. पण पडल्यावर तो उठतो तेव्हा त्याला विचार करायला वेळ मिळालेला असतो. तो हात वर करून पेनल्टी मागतो, की मान हलवून नाही म्हणतो? हे सगळ्यांना दिसतं. इथे माणसाला जबाबदार धरता येतं.

मार्च १९९७ मध्ये आर्सेनल-लिव्हरपूल सामन्यात रॉबी फाउलर गोलरक्षक डेव्हिड सीमनसमोर पडला. रेफरी जेराल्ड ॲशबी यांनी पेनल्टी दिली. फाउलरने लगेच खुणा करून सांगितलं की सीमनने मला पाडलेलं नाही. रेफरीने ऐकलं नाही. फाउलरने ती पेनल्टी घेतली, सीमनने अडवली, आणि परत आलेल्या चेंडूवर मॅकअटीरने गोल केला. त्या दिवशी सत्य सांगणारा माणूस मैदानात होता, पण त्याचं ऐकून घेण्याची सोय नव्हती. मला या प्रकरणात दोष फाउलरपेक्षा व्यवस्थेचा जास्त दिसतो.

आपल्याकडचं उदाहरण क्रिकेटमधलं आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ अशी असताना बॉब टेलरला झेलबाद दिलं गेलं. त्याची बॅट लागली नव्हती. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने पंच हनुमंत राव यांना अपील मागे घेत असल्याचं सांगितलं आणि टेलरला परत बोलावलं. टेलर-बोथम जोडीने १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथचं कौतुक आपण सगळेच करतो, पण त्यात एक गोष्ट सुटते : क्रिकेटच्या नियमांत कर्णधाराला पंचांच्या संमतीने अपील मागे घेता येत होतं. त्याचं मोठेपण वापरता येईल असा दरवाजा तिथे उघडा होता.

फुटबॉलमध्ये तो दरवाजा नाही. उलट, ‘मी मुद्दाम पडलो’ असं म्हणणाऱ्याला नियमाप्रमाणे पिवळं कार्ड मिळू शकतं. खरं बोलण्याचा दंड आणि गप्प बसण्याचं बक्षीस. जगातल्या कुठल्याही न्यायव्यवस्थेला हे शोभणार नाही. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पेनल्टी दिल्यावर किक घेण्याआधी खेळाडूने स्वतःहून नकार दिला, तर निर्णय फिरवावा आणि त्याला कार्ड दाखवू नये. मागणी रेटून धरली आणि नंतर सोंग उघड झालं, तर मात्र बंदी घालावी, आणि ती पडल्याबद्दल नव्हे, मागितल्याबद्दल. आणि बचावपटूने फाउल केला असेल तर आक्रमक उभा राहिला तरी शिट्टी वाजवावी. यातली शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत गरजेची आहे.

हे अव्यवहार्य नाही. मार्च २०१४ मध्ये न्यूरेंबर्गच्या मैदानावर वेर्डर ब्रेमेनचा आरोन हुंट बॉक्समध्ये पडला आणि रेफरी मानुएल ग्रेफे यांनी पेनल्टी दिली. हुंट उठला, रेफरीकडे गेला आणि म्हणाला की फाउल झाला नव्हता. ग्रेफे यांनी निर्णय मागे घेतला. हुंटचा संघ तेव्हा खालच्या क्रमांकांत होता आणि त्याला गुणांची निकड होती. पेनल्टी मिळावी असं क्षणभर आपल्यालाही वाटलं होतं, हे त्याने नंतर लपवलं नाही. ब्रेमेनने तो सामना २-० असा जिंकला.